न प्यालेल्या दारूचा आजार

माझ्या आजाराची सुरुवात लोकांच्या कौतुकाने झाली.

मी सुरतेत पांडेसऱ्याला राहतो. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचो. इकडे या धंद्याला ‘वर्दी’ म्हणतात. सकाळी मुलांना घरून उचलायचं, शाळेत सोडायचं, दुपारी परत आणायचं. जन्मभर मी किडकिडीत माणूस. चाळिशी आली आणि माझे खांदे भरू लागले. दंड जाड झाले, मान रुंद झाली. आमच्या गल्लीतले लोक विचारायचे, “दिलीपभाऊ, जिम लावली का?” नाक्यावरचा चहावाला मला पैलवान म्हणू लागला. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. अंघोळ करून आलो की आरशासमोर मी छाती काढून उभा राहायचो आणि सुनंदा, माझी बायको, साड्यांवर खडे चिकटवता चिकटवता हसायची.

पुढे शर्टाचं वरचं बटण लागेना. मग त्याखालचंही लागेना. कानांच्या मागे दोन्हीकडून मांस आल्यासारखं झालं, हनुवटीखाली लोळी उतरली, आणि पाठीवर, मान जिथे सुरू होते तिथे, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आला. डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. दुखत काहीच नव्हतं. हाताला मऊ लागायचं. कमरेखाली मात्र मी पहिल्यासारखाच काटकुळा होतो.

गल्लीतल्या डॉक्टरांनी चरबी म्हणून सांगितलं. भात सोडा, तेल सोडा, चालायला जा. थायरॉइडची तपासणी केली, तीही ठीक निघाली. मी भात सोडला, बटाटा सोडला, सुनंदाने माझ्यासाठी वेगळी बिनफोडणीची भाजी करायला सुरुवात केली. माझे पाय आणखी बारीक झाले. मान होती तेवढीच राहिली.

एक दिवस मी दुकानातून दूध घेऊन घरी आलो, तर कोमल, माझी मुलगी, माझ्या पायांकडे बघून म्हणाली, “पप्पा, एक चप्पल कुठे आहे?” खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल वाटेत कुठे निसटली ते मला कळलंच नव्हतं. तळपायाला रस्ता लागलाच नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

“रोज किती?”

तोवर आडवं झोपणंही अवघड झालं होतं. पाठ टेकली की कुणीतरी गळ्यावर हात ठेवल्यासारखं व्हायचं. भिंतीला उशी लावून मी बसूनच झोपायचो. शेवटी सुनंदाने हट्ट धरला आणि आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. आईही आली. तिला घरी थांब म्हटलं तर तिने ऐकलं नाही.

सर्जन वयस्कर होते. त्यांनी माझी मान दोन्ही हातांनी चाचपली, पाठीवरचा उंचवटा दाबला, दंड बघितले. मग शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. चार-पाच जण माझ्याभोवती उभे राहिले. साहेबांनी मला विचारलं, “रोज केटलुं पीओ छो?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणालो, “साहेब, मी दारू पीत नाही.”

“हा हा,” ते म्हणाले, “गुजरातमां तो कोई पीतुं ज नथी.” शिकाऊ पोरं हसली. इथे दारूबंदी आहे, त्यामुळे पिणाराही नाही म्हणतो आणि न पिणाराही नाहीच म्हणतो. डॉक्टरांना ते रोजचंच असणार.

“कधीच घेतली नाही साहेब. एक थेंबही नाही.”

ते गंभीर झाले. हिंदीत, जरा सांभाळून घेत बोलले. हा फार क्वचित दिसणारा आजार आहे, मल्टिपल सिमेट्रिक लायपोमॅटोसिस म्हणतात. मान, खांदे, दंड यांवर चरबी चढत जाते. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांना होतो. “सच बताओगे तो इलाज होगा. छुपाने से नुकसान तुम्हारा है.” ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे वाचलं होतं, बघितलं होतं, ते सांगत होते. पण त्या खोलीत माझ्या मागे माझी आई उभी होती.

माझे वडील दारूने गेले. ते डाइंगच्या मिलमध्ये कामाला होते. पगाराच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतली देशी, ज्याला इथे पोटली म्हणतात, ती पिऊन यायचे आणि विचारलं की शपथ घेऊन सांगायचे, प्यालो नाही. मी शाळेत असतानाच ते वारले. त्यानंतर मी दारूच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही. मित्र दमणला जायचे तेव्हा मला आवर्जून न्यायचे, कारण परत येताना गाडी चालवायला कुणीतरी शुद्धीवरचा माणूस लागायचा.

मी मागे वळून आईकडे बघायला गेलो. मान वळली नाही. सगळं अंग वळवावं लागलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती.

शर्ट

घरी आलो. सुनंदाने चहा केला. कोमलने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? सुनंदा म्हणाली, चरबीचा आजार आहे, ऑपरेशन करू. पुढचं तिने सांगितलं नाही.

दोन-चार दिवसांनी दुपारची वर्दी सोडून मी घरी आलो. शर्ट काढून खुंटीला लावला आणि हातपाय धुवायला गेलो. बाहेर आलो तर आई खुंटीजवळ उभी होती. माझा शर्ट तिने नाकाला लावला होता. आधी कॉलर, मग छातीवरचा खिसा. लहानपणी मी हे अनेकदा बघितलं होतं. वडील झोपले की ती असाच त्यांचा शर्ट हुंगायची आणि मग चुलीपाशी जाऊन बसायची.

मी म्हणालो, “येतो का वास, माय?”

तिने शर्ट परत खुंटीला लावला. तिची अहिराणी आहे तशीच लिहितो. ती म्हणाली, “तुना बाप बी नहीच म्हने.”

डॉक्टरांच्या प्रश्नाने लागलं नव्हतं इतकं मला हे लागलं. मी तिच्यावर ओरडलो. सुनंदा मध्ये पडली, “अहो, त्यांनी भोगलंय, त्यांना भीती वाटणारच.” मी तिला विचारलं, “आणि तुला? तुला वाटते का भीती?” ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलंय का कधी?”

तिने विचारलं नव्हतं, हे खरं होतं. पण न विचारणं आणि विश्वास असणं यांत फरक आहे की नाही, हे मी तेव्हा तिला विचारू शकलो नाही. त्या दिवसानंतर मी शर्ट खुंटीला लावणं सोडलं. काढला की सरळ बादलीत टाकायचो, आणि मग वाटायचं, ती आता म्हणेल, लपवतोय.

व्हॅन

इस्पितळाच्या रांगेत आमच्याच भागातलं कुणीतरी बसलेलं असणार. कोण ते मला आजही माहीत नाही. पण महिन्याभरात गोष्ट गल्लीत आली: वर्दीवाल्या दिलीपभाऊला दारूवाल्यांचा आजार झालाय.

मुलांच्या व्हॅनच्या ड्रायव्हरबद्दल यापेक्षा वाईट काय बोलता येईल? एका मुलाचे वडील रोज खिडकीशी वाकून मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणू लागले. पूर्वी कधी म्हणत नव्हते. ते श्वास आत ओढायचे ते मला ऐकू यायचं. मग एकेक मूल कमी होऊ लागलं. कुणी म्हणालं आता मामा सोडणार आहे, कुणी म्हणालं शाळा बदलतोय. ज्या मुलाची शाळा बदलली होती ते मला त्याच शाळेच्या फाटकात दिसायचं आणि नजर चुकवायचं. त्याचा काय दोष.

तोंडावर विचारलं ते एकट्या हेतलबेनने. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या व्हॅनमध्ये होत्या. एका सकाळी मुलींना बसवून त्या माझ्या खिडकीशी आल्या. “दिलीपभाई, साचुं कहेजो. तमे पीओ छो?”

“ना, बेन.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. “बस. तो काले टाइमसर आवजो.”

उद्या वेळेवर या, एवढंच. मी शाळेपर्यंत गाडी कशी नेली मला आठवत नाही. डोळे पुसायचे तर मुलींना आरशात दिसलं असतं.

पण व्हॅन मी बंद केली ती लोकांच्या बोलण्याने नाही. एका दुपारी शाळेबाहेर गाडी मागे घेत होतो. मान वळत नव्हती म्हणून मी फक्त आरशांच्या भरवशावर मागे घ्यायचो. कुणीतरी किंचाळलं आणि मी ब्रेक दाबला. पाय ब्रेकवर नीट बसला आहे का हेही मला पायाने कळत नव्हतं, डोळ्यांनी बघावं लागलं. मागे एक आजी नातवाचं दप्तर घेऊन उभ्या होत्या. गाडी त्यांच्या पदराला लागून थांबली होती. त्यांना काही झालं नाही. त्या मला शिव्या देत निघून गेल्या.

उरलेल्या मुलांना घरोघरी सोडून मी प्रत्येक दारात सांगितलं, उद्यापासून दुसरी सोय करा. हेतलबेन म्हणाल्या, “लोकांचं ऐकू नका, भाई.” मी म्हटलं, लोकांचं नाही, पायांचं ऐकतोय. घरी येताना मला पक्कं ठाऊक होतं, आता सगळे म्हणणार की बघा, खरंच होतं, म्हणून बंद केली. तसंच म्हणाले.

सुनंदा त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. “तुम्ही पीत नाही,” ती म्हणाली. “पिणारा माणूस असं स्वतःहून सोडत नाही. मला आधीच बोलायला हवं होतं.” तिच्या बोटांना खड्यांचा गोंद लागलेला होता, तो मी नखाने काढत बसलो.

दुसरं कारण

पायांसाठी आम्हाला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लहान चणीच्या मॅडम होत्या. त्यांनी माझ्या तळव्यांना टाचणी टोचली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटताच मी झोकांडलो, सुनंदाने धरलं. मॅडमनीही विचारलं, दारू घेता का? मी नाही म्हणालो आणि वाट बघू लागलो, आता हसतील.

“नाही ना? ठीक,” त्या म्हणाल्या. “मग दुसरं कारण शोधू.”

ज्याला कुणाला हा आजार असेल, किंवा असा कुठलाही आजार ज्याच्यावर लोकांनी आधीच नाव लिहून ठेवलेलं आहे, त्याला मी एवढंच सांगेन: असा एक डॉक्टर भेटेपर्यंत थकू नका. न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो, कमी जणांना होतो, पण होतो. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं आईला धरून तिला हे पुन्हा पुन्हा ऐकवावं.

आई होतीच शेजारी. मॅडमनी तिला हिंदीत विचारलं, “माँजी, आपके मायके में किसी की गर्दन ऐसी थी?”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग हळू आवाजात म्हणाली, “मना भाऊ.”

माझा मामा अमळनेरजवळच्या खेड्यात शिंपीकाम करायचा. मी त्याला फार थोडा ओळखत होतो. लहानपणापासून एकच ऐकलं होतं की तो दारुड्या आहे, म्हणून त्याच्याकडे जायचं नाही. आई सांगत होती आणि मी ते मॅडमना हिंदीत करून सांगत होतो. त्याची मान फुगली होती, सगळे म्हणायचे दारूने सुजला. तो चालताना झोकांड्या खायचा, दिवसाढवळ्या. गल्लीतली पोरं त्याच्या मागे नक्कल करत चालायची. तो सांगायचा, मी पीत नाही, पायच टेकत नाहीत. कुणी ऐकलं नाही.

“आपने?” मॅडमनी विचारलं.

आई माझ्याकडे बघून बोलू लागली. माझ्या लग्नाला मामा-मामी आले होते. तो रिक्षातून उतरला तोच झोकांडत. दारात सगळे पाहुणे होते. आई पुढे झाली आणि म्हणाली, पिऊन आला असशील तर पायरी चढू नको. आणलेला आहेर मामीने ओट्यावर ठेवला आणि दोघं त्याच रिक्षाने परत गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो वारला. आई मातीला गेली होती, पण तिथेही मामीशी बोलली नव्हती.

मी बोहल्यावर होतो तेव्हा दारात हे झालं होतं, आणि ते मला आज, एका परक्या डॉक्टरला हिंदीत सांगता सांगता कळत होतं. मी सुनंदाकडे बघितलं. पुढचं सुनंदाने सांगितलं.

रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. बरेच आठवडे लागले. निकाल आला तेव्हा मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत छोटं वीजघर असतं. आमच्या घराण्यात त्या वीजघरातच बिघाड आहे. कुणाला थोडा, कुणाला जास्त. हा बिघाड आईकडून मुलांत येतो, बापाकडून येत नाही.

“मंजे मीच,” आई म्हणाली.

तिला कित्येक वर्षं पायांची आग व्हायची. ती म्हातारपण म्हणून खोबरेल चोळायची. तिलाही होतं, फक्त मानेवर चढलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, यात तुमची काही चूक नाही, माँजी. आईने मान हलवली, पण ते तिच्या कानांच्या पुढे गेलं असं मला वाटलं नाही. मुलाला आजार दिला, मुलावर संशय घेतला आणि भावाला दारातून परत पाठवलं, हे सगळं तिच्यावर एकाच वेळी कोसळलं होतं.

मला मात्र त्याच वाक्यातलं दुसरं टोक दिसत होतं. मी विचारलं, “मॅडम, मग माझ्या मुलीला?”

“तुमच्याकडून नाही जाणार.”

कोमल आरशासमोर दोन्ही हातांनी स्वतःची मान मापत उभी असलेली मी किती वेळा बघितली होती. मी बघितलं हे तिला कळू नये म्हणून पाऊल न वाजवता मागे फिरायचो. त्या दिवशी घरी जाऊन तिला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि अभ्यासाला बसली. थोड्या वेळाने बघितलं तर पुस्तक उघडं ठेवून ती रडत होती.

मंगल

माझी धाकटी बहीण मंगल बारडोलीला असते. तिचा नवरा साखर कारखान्यात आहे. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे माझ्या मुलीची सुटका झाली, पण तिच्या मुलांची झाली असेलच असं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी आणि सुनंदा बसने गेलो.

मंगलने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, हे मला कशाला सांगितलंस? औषध आहे का याच्यावर?”

“नाही.”

“मग कशाला सांगितलंस?”

माझ्याकडे उत्तर होतं, डॉक्टरांनी पढवलेलं: लवकर कळलं तर जपता येतं, पाय जपता येतात, काही औषधं टाळता येतात. पण तिच्या तोंडाकडे बघून ते मला म्हणता येईना. तिने आम्हाला जेवायला वाढलं. जेवताना तिची नजर मुलांच्या मानांवरून हलत नव्हती. निघताना ती फाटकापर्यंत आली नाही, आणि पुढे बरेच दिवस तिने फोन घेतला नाही.

तपासणी करायची की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र ती कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि टाके निघेपर्यंत राहिली.

नळी

ऑपरेशन मानेचं होतं. चरबी श्वासनळीवर बसत चालली होती. सर्जननी, त्याच वयस्कर साहेबांनी, आधीच सांगितलं की सगळी निघणार नाही. ही चरबी पिशवीत बांधलेली नसते, नसांभोवती, रक्तवाहिन्यांभोवती पसरलेली असते. जेवढी काढता येईल तेवढी काढू, आणि ती परतही येऊ शकते. मग ते थांबले. मॅडमचा रिपोर्ट त्यांनी वाचला होता. “दिलीपभाई,” ते म्हणाले, “मैंने उस दिन आपकी माँ के सामने गलत बोला.” मी हात जोडले. मला मोठ्या माणसाला असं बोलताना ऐकायची सवय नाही.

भूल देताना माझी मान मागे जाणार नव्हती. म्हणून आधी जागेपणीच नाकातून श्वासाची नळी घालायची होती. याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. भूलतज्ज्ञ बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवून त्यांच्याकडे बघायला सांगितलं. “भाई, मारी सामे जुओ. धीमे धीमे श्वास लो.” नाकात, घशात बधिर करणारा फवारा मारला. नळी जात होती तेव्हा मला वाटलं आपण बुडतोय. त्या बाई प्रत्येक पायरी सांगत होत्या: आता नाक, आता घसा, आता थोडा खोकला येईल, येऊ द्या. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिलो आणि मग काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा मानेतून नळ्या बाहेर आल्या होत्या आणि पलंगाला लटकलेल्या बाटल्यांत लालसर पाणी साचत होतं. आवाज बसला होता. वॉर्डातले दिवस सारखेच असतात. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी, मग सिस्टर, मग डॉक्टरांची फेरी, मग कुणाचा तरी डबा. शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या बायकोने पहिल्या दिवसापासून आईला आपल्या डब्यातलं दिलं, आईने नको म्हटलं तरी. तिला मराठी येत नव्हती, आईची गुजराती बाजारापुरती. दोघी दुपारभर एकमेकींशी बोलायच्या.

पहिल्यांदा आडवं झोपता आलं तो दिवस मी विसरणार नाही. पाठ टेकली, उशी काढली, आणि श्वास नुसता आला आणि गेला. सुनंदा बाजूला बसून बघत होती. ती म्हणाली, “झोपा आता.” मी भर दुपारी, सगळ्या वॉर्डाच्या गोंगाटात झोपलो.

आता मी एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड तपासायच्या टेबलावर बसतो. व्हॅन विकली. पाय तसेच आहेत, चालताना खाली बघावं लागतं. हनुवटीखाली पुन्हा थोडं मऊ लागू लागलंय. मॅडम म्हणतात, लक्ष ठेवू. बरा झालो असं मी म्हणत नाही. यातून बरं होत नाही. पण आता श्वास येतो, झोप येते.

मामीकडे

मानेची जखम भरली तशी आई म्हणाली, गावाला जाऊ. उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडून आम्ही दोघंच गेलो.

मामी त्याच घरात राहते. वाळली आहे, पण काठी घेत नाही. आम्हाला बघून ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही. आई ओट्याखालीच थांबली, पायरी चढली नाही. तिथूनच तिने सांगितलं, सगळं. माझा आजार, डॉक्टरीण, रक्ताची तपासणी. भाऊ पीत नव्हता हे आता कळलं, हेही.

मामीने ऐकलं. मग म्हणाली, “बाई, हाई तुम्ही माले सांगी ऱ्हायनात? मी त्यास्नी बायको व्हतू. त्यास्ना तोंडना वास माले माहीत नही का?”

आई खाली बसली, तिथेच मातीत. मामी उतरून आली आणि तिने आईला दंडाला धरून उठवलं. वयाने आई मोठी आहे. तिने मामीच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, मामीने लावू दिला नाही.

मग मामी माझ्याकडे वळली. न विचारता तिने माझ्या कानांमागे, हनुवटीखाली बोटं फिरवली. डॉक्टर चाचपतात तशी नाही. रोजच्या ओळखीच्या ठिकाणी हात जावा तशी. जखमेच्या व्रणावर ती थांबली. “कापं?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा झाल्यावर आई पुन्हा म्हणाली, माझं चुकलं, मला माफ कर. मामीने कप उचलून ठेवले. “माले सांगीसन काय व्हई, बाई,” ती म्हणाली. “माले तं माहीतच व्हतं. ज्यास्ले माहीत नही, त्यास्ले सांगा.”

आई उठली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि बाहेर पडली. मला वाटलं रडून मोकळी व्हायला गेली असेल. मी मागोमाग गेलो. ती शेजारच्या ओट्यापाशी उभी होती. तिथे एक म्हातारा आणि त्याची सून शेंगा फोडत बसले होते. आईला त्या गावातलं आता कुणी फारसं ओळखत नव्हतं. तिने मामाचं नाव सांगितलं, मी त्याची बहीण म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे बारीक करून बघितलं.

“मना भाऊ दारू पेत नव्हता,” आई म्हणाली. “त्याले आजार व्हता.”

तिने मला पुढे ओढलं आणि माझी कॉलर बाजूला करून व्रण दाखवला. मग पुढच्या घराकडे निघाली. मी पायांकडे बघत, सावकाश, तिच्या मागे चालत राहिलो.